माझ्या हातातला भंडारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बायको सांगायच्या आधीच गेली — म्हणजे असं म्हणायची आपली पद्धत. खरं तर ती उभा जन्म माझ्यासमोर चुलीपाशी बसत होती आणि मी रोज जेवून हात धुऊन उठत होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. उद्या कामशेतच्या बाजारात तुमची-माझी गाठ पडली तरी तुम्ही मला ओळखणार नाही. बघा, सुरुवातच कशी झाली — परका माणूस गाठून. असो. सुरुवात तरी झाली.

आमचं गाव पवन मावळातलं, कामशेतहून खिंड ओलांडली की पलीकडं. गावात मला तात्या म्हणतात. बांधाचं भांडण असो, मोडत आलेली सोयरीक असो, तात्यांना बोलवा म्हणतात. का? मी काही फार शहाणा आहे म्हणून नव्हे. मराठी चौथी झालो, तेवढीच अक्कल. पण म्हातारी माणसं पोरांना अजून सांगतात, की या तात्यानं सख्ख्या बहिणीचा संसार पणाला लागला असताना बेल-भंडारा उचलून खरं तेच सांगितलं, कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. हे कानावर आलं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

बेल-भंडारा उचलणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर सांगतो. खंडोबापुढं उभं राहायचं. तळहातावर बेलाचं पान, पानावर भंडाऱ्याची — देवाच्या हळदीची — चिमूट. तो हात कपाळाला लावायचा आणि बोलायचं. त्या बोलण्यावर मग कुणी बोलत नाही. खोटं बोलणारे आमच्याकडं नाहीत असं नाही हो, पायलीचे पन्नास आहेत. वडगावच्या कोर्टात साक्षीला जाणारा माणूस खोटं घरूनच पाठ करून जातो आणि वाटेत भजी खातो. पण भंडारा हातात घेऊन? नाही. तसं करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही — आरशात सोडून.

राघू माझ्या बहिणीचा नवरा. त्याच्याही आधी माझा मित्र. आम्ही एकाच ओढ्यात खेकडे धरले, एकाच झाडावरून पडलो, त्याचा हात मोडला, माझा नाही. माझी धाकटी बहीण सगुणा त्याला द्यावी, हे वडलांच्या मनात मीच भरवलं. चंपाषष्ठीला देवाची तळी उचलायचा पहिला मान राघूच्या घराण्याचा. भंडाऱ्याची पितळी वाटी त्यांच्याच देव्हाऱ्यात असायची. राघूचा आवाज असा, की भजनात तो उभा राहिला की म्हाताऱ्या तंबाखू मळायच्या थांबत. आणि राग — तो तर नाकाच्या शेंड्यावर. बैलावर कधी हात उचलला नाही त्यानं, पण माणसावर लगेच.

ही पहिल्या जर्मन लढाईच्या आधीची गोष्ट. त्या वर्षांत कामशेतच्या बाजाराला एक किरिस्ताव मास्तर यायचा. लोणावळ्याला राहायचा, मूळचा नगरकडचा. वाळका म्हातारा, काखेत छत्री, खांद्याला झोळी. बाजारात पिंपळाखाली उभा राहून चिपळ्यांवर त्यांच्या देवाची गाणी म्हणायचा आणि मग पायी पायी आमच्या बाजूच्या वाड्यांना निघायचा. लोक हसायचे, ऐकायचे, मिरच्या घेऊन घरी जायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. राघूचं मात्र बिघडलं. आमच्याच भजनाच्या चालीवर दुसऱ्याचा देव गातो म्हणजे काय? आधी त्यानं म्हाताऱ्याच्या चिपळ्या हिसकून नाल्यात टाकल्या. पुढच्या बाजाराला शेण फेकलं. म्हातारा येतच राहिला. शेवटी राघू म्हणाला, याचे पायच मोडले पाहिजेत, म्हणजे येणार नाही.

आणि मी? मी हो म्हणालो. राघू म्हणाला त्याला मी नाही कधी म्हणालोच नव्हतो.

मार्गशीर्ष संपत आला होता, भाताची मळणी चालू होती. बाजाराच्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं काठ्या घेऊन खिंडीत बसलो. दोन्ही अंगाला करवंदीच्या जाळ्या, मधून गाडीवाट. खालून म्हातारा एकटा चढत येताना दिसला. धापा टाकत होता. मधेच थांबून त्यानं छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मला त्याची कीव आली, पण तसं मी म्हणालो नाही. तो टप्प्यात आला तसा राघू वाटेवर उतरला, त्याच्या मागं मी. राघूनं काठी उगारली आणि —

इथं मला जरा थांबू द्या. आधी गावाला सांगितलं होतं तेच सांगतो.

गावाला मी सांगितलं ते असं. राघूनं काठी उगारली आणि एकाएकी त्याचा हात वरच्या वर राहिला. काठी गळून पडली. तो मटकन खाली बसला, वाटेच्या मधोमध, धुळीत. ढसाढसा रडायला लागला — राघू, ज्यानं बाप गेला तेव्हाही दातावर दात दाबून धरले होते. म्हातारा आधी भ्याला. मग जवळ आला, वाकला, काय झालं बाबा म्हणाला. म्हाताऱ्यानं झोळीतून भोपळ्याची तुंबडी काढली, राघूच्या तोंडाला लावली, आणि राघू ते पाणी प्याला. इथवर सगळं खरं आहे. अक्षर न् अक्षर खरं. पाणी प्यायल्यावर राघूनं माझ्याकडं मान वळवली आणि विचारलं, "ऐकलंस का रं?"

मी म्हणालो, "काय?"

एवढंच. एका शब्दाचं बोलणं. त्या वेळी त्याचं मला काही वाटलंही नाही. माणूस गोंधळला की काय म्हणतोच की. राघूनं बाहीनं तोंड पुसलं. मग उठला आणि म्हाताऱ्याची झोळी आपल्या खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर उलट खिंड उतरून लोणावळ्याकडं गेला. मी दोघांच्या काठ्या उचलून घरी आलो.

काही दिवसांनी राघू परत आला. चोरासारखा नाही, दिवसाढवळ्या, देवळासमोरून. सरळ घरी जाऊन आईच्या पाया पडला आणि म्हणाला, की मी त्यांच्यात गेलो, आता मला तळी उचलता यायची नाही, वाटी दुसऱ्या कुणाला द्या. त्यांच्या ओटीवर जी रडारड झाली ती मी सांगत नाही. मास्तरानं पैसे चारले, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, तुंबडीत काहीतरी कालवलं होतं. राघू कुणाशी भांडला नाही. हेच सगळ्यांना जास्त लागलं. त्यानं एखाद्याच्या कानाखाली वाजवली असती तर राघू परत आला म्हणून गाव खूश झालं असतं. तो एवढंच म्हणत होता, की मला हाक आली, नाव घेऊन आली, आणि सगुणा यायला तयार असली तर मी तिला न्यायला आलोय.

गावचे पाटील म्हणजे आबा. आबा तापट, पण न्यायाचा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि राघूला विचारलं, की ती हाक आणखी कुणी ऐकली का? राघू म्हणाला, ते मला ठाऊक नाही, पण याची काठीही पडली होती. याची म्हणजे माझी.

हो. माझीही काठी पडली होती. हे मी मघाशी तुम्हाला सांगितलं नाही.

आबांनी निवाडा केला तो मला शब्दाशब्दाला आठवतो. "येकट्याला ऐकू आलं आसंल तर ती बाधा, न्हाईतर लबाडी. मंग त्यानं गाव सोडावं आन् पोरगी म्हायेरी जाईल. पर दोघांनी ऐकलं आसंल, तर त्ये आपल्या अकलंच्या भायेरचं हाय. मंग त्यानं आपल्या मळ्यात येगळी चूल मांडावी, बायको त्याच्यापाशी ऱ्हाईल, आन् गावानं तोंड बंद ठिवावं." उद्या सकाळी देवळात या, म्हणाले. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. राघूचं गाव, सगुणाचा संसार, सगळं माझ्या एका होय-नाहीवर.

त्याच दुपारी सगुणा माझ्याकडं आली. मी खळ्यावर पेंढा सारत होतो. भाकरीचं फडकं तिनं खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा, समदी मला सांगत्यात ह्यांना येड लागलं. मी काय करू?"

मी पेंढा सारत राहिलो.

"तू हुतास तितं. तू ऐकलं म्हणालास तर मी त्यांच्यासंगं ऱ्हाते. मंग कुणी थुकलं तरी मला चालंल. तू न्हाई म्हणालास तर मी घरी येते." मी तोंड उघडलं तशी तिनं हात आडवा केला. "आत्ता नगं. आत्ता तू माज्यासाठनं काय बी सांगशील. उद्या भंडारा उचलून सांग. जे सांगशील त्ये माजं."

तिचं वय ते काय होतं हो! हातातला चुडाही पुरता जुना झाला नव्हता. पण तिनं आपलं सगळं आयुष्य उचलून माझ्या तळहातावर ठेवलं, आणि मला त्याची पुरती कल्पना होती. मला माहीत नव्हतं, समजलं नव्हतं, घाईत झालं — यातलं एकही कारण माझ्याजवळ नाही. रात्र पुढं होती. विचार करायला वेळ भरपूर होता. विचार केलाही.

दुसऱ्या दिवशी देवळात सगळं गाव. बायका बाहेर पारावर, त्यांत सगुणा. राघू पायरीखाली उभा होता, त्याला आत घेतलं नव्हतं. आबा नुसतंच मला विचारणार होते, खरं सांग म्हणून. भंडाऱ्याचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. राघूच खालून म्हणाला, "आबा, भंडारा द्या त्याच्या हातात."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आता तुला रं काय भंडाऱ्याचं?"

राघू म्हणाला, "मला न्हाई. त्याला हाय."

त्याच्याच घराण्याची वाटी आली. पान आलं. चिमूट पडली. हळदीचा तो वास तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाचाही तोच आणि देवाचाही तोच. मी हात कपाळाला लावला.

आता सांगतो. आता थांबत नाही.

मी ऐकलं होतं. राघूची काठी वर होती, म्हातारा दहा हातांवर होता, ओठ मिटून, दम खात. आणि आवाज आला — "राघू, पुरं आता." बाईचा की पुरुषाचा, सांगता येणार नाही. आभाळातून नाही, जाळीतून नाही. अगदी इथून, हाताच्या अंतरावरून. रागाचा तर मुळीच नव्हता. दिवेलागणीला पोर मातीत खेळत असतं, आणि आई दारात येऊन म्हणते ना, पुरं आता — तसा. राघूच्या आधी मान मी वळवली. कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या हातातली काठी गळाली. राघूची त्यानंतर पडली. हा क्रम मला पक्का ठाऊक आहे, कारण माझी काठी माझ्या पायावर पडली होती आणि अंगठ्याचं नख पुढं काळं झालं.

तो आवाज कुणाचा होता? मला माहीत नाही. देवाचा म्हणत नाही, नव्हता असंही म्हणत नाही. खिंडीत आवाज घुमतो म्हणावं, तर आधी कुणी बोलायला नको का? मी पुन्हा कितीदा तरी त्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथं करवंदं आहेत आणि सरडे आहेत. पण मी ऐकलं, एवढं खरं, आणि मला विचारलेलंही तेवढंच होतं.

मी भंडारा हातात धरून म्हणालो, "मी काय ऐकलं न्हाई. राघू पडल्याला बघून भ्यालो, म्हून काठी पडली."

आबांनी मान हलवली. बाहेर पारावर कुणी रडलं नाही. मला वाटलं होतं सगुणा रडेल. ती उठली आणि बायकांबरोबर आमच्या घराकडं चालायला लागली, बस्स.

पण खरा घाव पुढं आहे. मी पायऱ्या उतरून खाली आलो, तेव्हा राघू तिथंच होता. मला वाटलं, हा आता माझा गळा धरणार. धरला असता तर — नाही, ते जाऊ द्या. राघूच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं ओझं आपल्यालाच न्यायचंय असं कळल्यावर माणूस बघतो, तसा तो बघत होता. त्याच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या लोकांच्या हातावर भंडारा ठेवला होता. देव सोडला त्यानं, पण भंडारा हातात घेऊन माणूस खोटं बोलेल, हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. तो म्हणाला, "मंग माज्या येकट्यालाच हुतं त्ये. मी तुला उगाच वढला यात. मनात ठिवू नगंस."

त्यानं माझी माफी मागितली! आणि मी म्हणालो, असू दे.

का केलं मी हे? तुम्ही विचारणारच. मी स्वतःला बरीच कारणं दिली. नवलाख उंबरे गावची सोयरीक ठरली होती माझी. बाटग्याचा साक्षीदार म्हणून ती मोडली असती. आई खंगली असती. सगुणाला गावाबाहेर दिवस काढावे लागले असते. सगळी खरी कारणं. पण मळणीत भूस वर येतं आणि दाणा खाली राहतो, तसं एक कारण सगळ्यांच्या खाली आहे आणि ते मी फार उशिरा उकरलं. ऐकलं आम्ही दोघांनी. नाव मात्र त्याचं होतं. शेण फेकणारा तो, काठी उगारणारा तो, आणि हाक आली तीही त्यालाच. मी नुसता शेजारी. जाळीसारखा, वाटेवरच्या धोंड्यासारखा. मग जी हाक माझी नव्हतीच तिची साक्ष मी का द्यावी? — असं काहीतरी. हेवा म्हणा त्याला. देवाघरच्या गोष्टीतही माणूस हेवा करतो.

खोटा भंडारा उचलला की वर्षाच्या आत घरात दिवा लावायला माणूस उरत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. मी वाट पाहिली. पायाखाली साप पाहिला, म्हशीच्या कासेत रक्त पाहिलं, पोटात दुखलं तर बोलावणं आलं म्हणालो. काही झालं नाही. त्या वर्षी आंबेमोहोर भात असा आला, की कणग्या अपुऱ्या पडल्या. लग्न झालं, मुलगा झाला, लोक तात्या म्हणायला लागले. देवानं मला काहीच केलं नाही. कधी कधी वाटतं, त्यानं माझी दखलच घेतली नाही, तेव्हाही आणि नंतरही.

राघू लोणावळ्याला राहिला. घाटात रुळांवर खडी टाकायचं काम करायचा. मी तांदूळ विकायला लोणावळ्याला जायचो तेव्हा भेटायचा. मला टाळायचा नाही. मीच गल्ली बदलायचो. एकदा ठेसनाबाहेर त्यानं धरलंच मला. हात खडीनं फाटलेले, अंग वाळलेलं. सगुणा कशी हाय, म्हणाला. बरी हाय, म्हणालो. परत लग्न केलं नव्हतं त्यानं. मग म्हणाला, "लय येकटं वाटलं की मनात येतं, खरंच ऐकलं का मी? का भासच हुता? कारण तू शेजारी हुतास आन् तुला न्हाई आलं. तुला आलं आसतं, तर मला कंदी शंका आली नसती बग."

तिथं फक्त आम्ही दोघं होतो. आबा नव्हते, गाव नव्हतं, भंडारा नव्हता. माझं लग्न होऊन गेलेलं. सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? काहीसुद्धा नाही. त्याला सारा जन्म पुरेल एवढं मिळालं असतं. मी म्हणालो, गाडी सुटंल माझी, आणि निघालो. गाडीला अवकाश होता. मी तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून ती येईपर्यंत दुसरीकडं बघत राहिलो.

लढाई संपली त्या साली मानमोडीचा ताप आला. घराघरातून माणसं गेली. लोणावळ्याहून मास्तरानं माणूस धाडला, की राघू चाललाय. मी पोचलो तेव्हा त्यांनी त्याला मातीही दिली होती. त्यांच्या लहानशा देवळात चार माणसं बसली होती आणि म्हातारा मास्तर पोथी वाचत होता. मी आत गेलो नाही. खिडकीखाली उभा राहिलो.

त्यांच्या पोथीत एक जुनी हकीकत आहे. त्यांचा पंथ नवा होता त्या काळातली. एक मनुष्य त्या पंथाच्या लोकांना धरून आणायला दुसऱ्या शहरी निघालेला असतो. वाटेत भर दुपारी त्याला हाक येते, नाव घेऊन. तो कोसळतो आणि त्यांच्यातलाच होतो. तिथं मी कान टवकारले, कारण म्हातारा पुढं वाचत होता, की त्याच्यासोबत आणखीही माणसं होती. त्यांनी आवाज ऐकला, पण त्यांना कुणी दिसलं नाही. ती तशीच उभी राहिली.

मी वाट बघत होतो, की पुढं काय? घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं? कुणी विचारलं का त्यांना? पण म्हातारा त्या पहिल्या माणसाचंच पुढं वाचत गेला. त्या सोबतच्यांचं नाव नाही, गाव नाही.

वाचून झाल्यावर मास्तर बाहेर आला, तेव्हा मी खिडकीखालीच होतो. त्यानं मला ओळखलं. "त्या दिवशी खिंडीत सोबत होता ते तुम्हीच ना?" म्हणाला. मी हो म्हणालो. पाणी देऊ का, म्हणाला. मला तहान लागली होती, खिंड ओलांडून पायी आलो होतो. मी नको म्हणालो.

घरी येऊन सगुणाला सांगितलं. गावच्या बायका म्हणाल्या, अगं, तुझा नवरा तर तेव्हाच मेला, आता कसलं सुतक? तिनं कुणाचं ऐकलं नाही. ओढ्यावर गेली, स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं, बांगड्या दगडावर फोडल्या आणि ओल्या लुगड्यानं येऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "दादा, तू खरं सांगितलंस त्ये बरं केलंस. तू ऐकलं म्हणाला आसतास, तर मी गेले आसते रं. मला जायचंच हुतं." आणि मग माझ्या पाया पडली. वडील भाऊ म्हणून. मी आशीर्वाद दिला.

तुम्ही म्हणाल, मग आता तरी तिला सांग. ती आहे अजून. याच घरात, मी हे लिहितोय त्या भिंतीपलीकडं. डोळ्यांना कमी दिसतं, तांदूळ बोटांनीच चाचपून निवडते. माझी मुलं तिनं वाढवली, माझ्या बायकोचं शेवटचं तिनंच केलं. चंपाषष्ठीला देवळातून भंडारा आणते आणि अंदाजानं चाचपडत माझ्या कपाळाला लावते. दर वर्षी मी ठरवतो, की या खेपेला तिचा हात धरायचा आणि सांगायचं. दर वर्षी कपाळ पुढं करतो. तिला सांगायचं सोडून तुम्हाला सांगतोय, यावरूनच समजा काय ते. म्हातारपणानं माझ्यात काही फरक पडलेला नाही.

मला तुमच्याकडून काही नको. वाईट वाटून घेऊ नका, समजूत घालू नका.

आता आतून तिची हाक आली. रोजच येते, दिवसातून कितीदा तरी — म्हैस सुटली, च्या झाला, दारात कुणी आलंय. ती आधी म्हणते, "दादा, ऐकलंस का?" आणि मी म्हणतो, "व्हय गं, ऐकलं." एका क्षणाचाही वेळ न लावता म्हणतो.